मामाल आहार आणि त्याचा उत्तरमार्ग

सातवाहनकालीन कोरीव लेखांत प्रादेशिक विभागांची जी नावे येतात, त्यांत गोवर्धन आहार, सोपारक आहार, कापूर आहार, सातवाहनी हार व मामाल आहार ही प्रमुख होत. यांपैकी गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर आणि सोपारक म्हणजे वसईजवळचे सोपारे. मामाल म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याशी पसरलेले मावळ. ही स्थलनिश्चिती आता बहुतेक सर्वमान्य झाली आहे. तथापि ‘आहार’ या संज्ञेचे स्वरूप कोणते, म्हणजे तो सीमांनी बांधलेला भूप्रदेश होता की एखाद्या मार्गाभोवती उभारलेली महसुलाची व्यवस्था होती, हा प्रश्न जितक्या कसोशीने विचारला जावयास हवा होता तितक्या कसोशीने विचारला गेलेला नाही. ऐतिहासिक नकाशांत हे आहार आजच्या तालुक्यांप्रमाणे रंगीत तुकड्यांनी दाखविण्याची रूढी पडली आहे. ती सोयीची असली तरी तिच्यामुळे मामाल आहाराच्या बाबतीत एक महत्त्वाचा पुरावा दृष्टीआड होतो. कार्ल्याच्या लेण्यातील ज्या लेखात हा आहार उल्लेखिला आहे, त्याच लेखात त्यातील एका मार्गाचाही नामनिर्देश आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. ‘आहार’ हा शब्द ‘आ + हृ’ या धातूपासून सिद्ध झालेला असून त्याचा मूळ अर्थ ‘आणणे, गोळा करणे’ असा आहे. अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभलेखात महामात्रांना उद्देशून आपापला ‘आहार’ जेथवर पसरला असेल तेथवर आज्ञा पोहोचविण्यास सांगितले आहे. म्हणजे प्रशासकीय विभाग या अर्थाने ही संज्ञा मौर्यकाळापासून रूढ होती व सातवाहनांनी ती वारशाने घेतली. जो प्रदेश एका ठाण्याकडे कर आणून घालतो तो त्या ठाण्याचा आहार. या कल्पनेत मध्यवर्ती ठाणे आहे आणि त्याकडे येणारी वाट आहे. सीमेला तीत दुय्यम स्थान आहे.

‘मामाल’ या नावाविषयी एक लोकप्रिय समजूत येथे बाजूस सारली पाहिजे. सूर्य मावळतो ती दिशा म्हणून पश्चिमेकडील डोंगराळ मुलखास ‘मावळ’ हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती पुष्कळदा सांगण्यात येते. ती कानाला गोड लागते, परंतु कार्ल्याच्या लेखामुळे ती टिकत नाही. संस्कृत व प्राकृत शब्दांतील दोन स्वरांमधल्या ‘म’चा मराठीत ‘व’ होतो, हे ग्राम–गाव, नाम–नाव यांसारख्या जोड्यांवरून स्पष्ट आहे. तशाच स्थितीतील ‘ल’चा ‘ळ’ होणे हेही मराठीचे नित्याचे लक्षण होय. मामाल, मावाल, मावळ ही परंपरा या दोन नियमांनी सरळ सिद्ध होते. तेव्हा नाव सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीही रूढ होते, आणि ‘मावळणे’ या क्रियापदाशी त्याचे असलेले नाते हे नंतर जोडलेले नाते आहे, असेच मानावे लागते.

आता मूळ पुराव्याकडे वळू. कार्ले येथील लेण्यास त्या काळी ‘वलूरक’ असे नाव होते. तेथील चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब असून पश्चिम भारतातील सर्व कोरीव चैत्यगृहांत ते मोठे आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केले व ते जंबुद्वीपात उत्तम आहे, अशी नोंद तेथेच आहे. या लेण्यातील लेखांचे वाचन बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे फ्रेंच पंडित सेनार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात त्यांचे सुधारलेले संपादन केले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील दोन लेख निर्णायक आहेत.

पहिला लेख उषवदाताचा. हा दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात. आपल्या इतर दानांची यादी सांगून झाल्यावर वलूरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी, त्यांत कोणताही भेद न करता, करजिक हे गाव दिल्याचे तो नमूद करतो. दुसरा लेख राजाज्ञेच्या स्वरूपाचा आहे. त्यातील राजाचे नाव भग्न झाले असले तरी क्षहरातांचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीचा तो असावा, हे मत सामान्यतः मान्य झाले आहे. मामालच्या अमात्यास उद्देशून ही आज्ञा दिलेली असून, मामाल आहारात उत्तरमार्गावर असलेल्या करजक गावात महासांघिक निकायाच्या भिक्षूंसाठी ‘भिक्षुहल’ म्हणून जमीन देण्यात येत असल्याचे तीत म्हटले आहे. गाव तेच आहे आणि दानाचे पात्र ठरलेली लेणीही तीच आहेत. बदलली आहे ती केवळ सत्ता.

सत्तापालट झाल्यावर नव्या राजाने जुन्या सत्ताधीशाचे दान स्वतःच्या नावे पुन्हा द्यावे, ही गोष्ट नाशिकच्या लेखांतही आढळते. तेथे आजवर उषवदाताच्या भोगवट्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत गौतमीपुत्र भिक्षूंना देतो. इ. स. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या निधीत नहपानाच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उठविलेला आहे. करजक गावाचे पुनर्दान हा या छापाचाच जमिनीवरील प्रकार होय. मात्र नाणे हातोहात जाते आणि गाव जागच्या जागी राहते. म्हणून ते गाव कोठे होते, हे लेख मुद्दाम सांगतो, आणि ते सांगताना नदी वा डोंगर यांचा आधार न घेता मार्गाचा आधार घेतो.

‘उत्तरमार्ग’ या शब्दाचा अर्थ दोन प्रकारे लावता येईल. आहाराच्या उत्तर भागातील कोणताही रस्ता, असा एक अर्थ. आहारातून जाणाऱ्या दोन वा अधिक ज्ञात मार्गांपैकी ज्यास उत्तरमार्ग म्हणत तो मार्ग, असा दुसरा. राजाज्ञेची भाषा नेहमीच काटेकोर असते. ज्या अमात्याने हे गाव शोधून तेथील महसूल बंद करावयाचा, त्यास ‘उत्तरेकडील कोणत्या तरी वाटेवर’ असे सांगून काहीच साधले नसते. दुसराच अर्थ ग्राह्य धरणे युक्त आहे. तो धरला म्हणजे मामालच्या कचेरीत मार्गांची नावे ठरलेली होती व गावांची गणना त्या मार्गांनुसार होत होती, असे अनुमान निघते. हे अनुमान एकाच शब्दावर उभे आहे, हे खरे. पण प्राचीन राज्यव्यवस्थेच्या अभ्यासात एका शब्दावर याहून मोठे इमले उभारले गेले आहेत.

भूगोल या अनुमानास पोषक आहे. इंद्रायणीच्या खोऱ्याच्या उत्तर अंगास कार्ले, दक्षिण अंगास भाजे, आणि दक्षिणेकडील पवनेच्या खोऱ्यात बेडसे अशी ही लेणी आहेत. खोऱ्यातून पूर्वेस गेल्यावर तळेगावाजवळ शेलारवाडीची लेणी लागतात. पश्चिमेस, घाटाच्या पायथ्याशी, राजमाचीच्या खाली कोंडाणे लेणे आहे. कार्ल्याच्या उत्तरेचा डोंगर ओलांडल्यावर नाणे मावळ लागते व तेथे करंजगाव नावाचे गाव आजही आहे. करजक आणि करंज यांतील नामसाम्य लक्षणीय असून उत्तरमार्गाच्या कल्पनेशी ते जुळते. पवनेच्या खोऱ्यातील वाट दक्षिणेची, इंद्रायणीची वाट मधली आणि नाणे मावळाची वाट उत्तरेची, अशी रचना डोळ्यांपुढे आणली असता लेखातील शब्दाला जमीन मिळते.

येथे एका दूरच्या प्रदेशाशी केलेली तुलना उपकारक ठरेल. जपानमध्ये इ. स. ७०१ च्या ताइहो संहितेने जी राज्यव्यवस्था दृढ झाली, तीत राजधानीभोवतालचे पाच प्रांत वगळता उर्वरित देश सात विभागांत मांडलेला होता. या प्रत्येक विभागास ‘दो’, म्हणजे मार्ग, अशीच संज्ञा होती. तोकाइदो म्हणजे पूर्वसमुद्रमार्ग. तो प्रांतांचा समूहही होता आणि त्या प्रांतांच्या राजधान्यांना जोडणारा राजमार्गही होता. दोहोंस एकच नाव असे. दर तीस री, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटर, अंतरावर घोड्यांची ठाणी असत. मोठ्या मार्गावरील ठाण्यावर वीस, मध्यम मार्गावर दहा आणि लहान मार्गावर पाच घोडे ठेवण्याचा दंडक होता. तोकाइदो मध्यम प्रतीचा गणला जाई. परदेशी वकिलाती ज्या मार्गाने राजधानीस येत तो सान्योदो तेवढा मोठा समजत. इ. स. ७७१ मध्ये मुसाशी हा प्रांत तोसान्दो विभागातून काढून तोकाइदोत घालण्यात आला. कारण तोसान्दोच्या मुख्य मार्गापासून तो आडबाजूस पडत असे, आणि समुद्राकाठच्या मार्गाने तेथे पोहोचणे सुलभ झाले होते. रस्त्याच्या सोयीसाठी प्रदेशाची विभागणी बदलल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. (पुढे सतराव्या शतकात प्रसिद्धीस आलेला त्रेपन्न ठाण्यांचा तोकाइदो हा या व्यवस्थेचा वंशज खरा, परंतु ती व्यवस्था नव्हे.)

मामाल आहारास ‘मार्ग’ असे नाव नाही, आणि तेथे राजाने ठेवलेल्या घोड्यांचाही उल्लेख नाही. तुलना ओढूनताणून पुढे नेण्याचे कारण नाही. परंतु तिच्या प्रकाशात दोन व्यवस्थांतील भेद फार बोधक ठरतो. जपानी राजमार्ग दरबाराच्या आज्ञेने आखला गेला. उत्खननांत सहा ते बारा मीटर रुंदीचे, डोंगरदऱ्यांची पर्वा न करता सरळ रेषेत गेलेले रस्ते तेथे उजेडात आले आहेत. सह्याद्रीतील मार्ग मात्र आधी होता. राजसत्ता त्याच्यावर मागाहून येऊन बसली. मार्गाचा सांभाळ कोणी केला, हे विचारले तर लेण्यांच्या भिंतीच उत्तर देतात.

कार्ल्याच्या स्तंभांवर कोरलेली दात्यांची नावे पाहावी. धेनुकाकट येथील अनेक यवन, तेथीलच गांधिक सिंहदत्त, सुतार सामी, आणि धेनुकाकटच्या वणिजांचा समूह, म्हणजे ‘वाणियगाम’, यांची दाने तेथे आहेत. सोपारक येथील धर्मोत्तरीय निकायाच्या सातिमित नामक भाणकाने दिलेला स्तंभही तेथे आहे. बेडशाच्या लेण्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक भेटतो. शेलारवाडीस धेनुकाकटच्या एका नांगरधारी कुटुंबिकाची पत्नी दान देते. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी हे मत स्वीकारले तर भूतपाल श्रेष्ठी कित्येक दिवसांचा प्रवास करून येथवर पैसा पाठवीत होता. धेनुकाकट कोठे होते याबद्दल मतभेद आहेत. कोसंबींनी ते कार्ल्याच्याच आसमंतात शोधले, तर इतर काहींनी ते आंध्र देशात नेले. प्रस्तुत विवेचनास त्या वादाचा निकाल अवश्य नाही. दाते व्यापारी, कारागीर व शेतकरी होते आणि ते वाटेवरचे होते, एवढे पुरे आहे. पाण्याची टाकी, निवाऱ्याच्या खोल्या आणि संघाची वस्ती ही घाटवाटेवरील प्रवाशास मिळणारी सोय होती. जपानी ठाण्याचे काम येथे विहाराने केले, असे म्हणता येईल.

या व्यवस्थेत राजपुरुष अगदीच अनुपस्थित होते असे मात्र नाही. उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहाणुका या नद्यांवर नावांनी विनामूल्य उतार ठेवले व त्यांच्या तीरांवर सभा व पाणपोया घातल्या, असे नाशिकचा लेख सांगतो. ही सर्व कामे किनाऱ्याच्या व गुजरात-माळव्याच्या मार्गांवरील आहेत. घाटावरच्या मामालात मात्र त्याने पाणपोई किंवा धर्मशाळा न घालता गाव दिले. क्षहरातांना हा मार्ग आपला करण्यासाठी मार्गावरच्या संघाला आपलासा करावा लागला, असा याचा अर्थ होतो. जुन्नरच्या मानमोडी लेण्यात नहपानाचा अमात्य अयम याने सेहेचाळिसाव्या वर्षी मंडप व टाके दिल्याची नोंद आहे, तीही याच धोरणास धरून आहे.

मार्गाच्या दुसऱ्या टोकास काय घडत होते, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथावरून समजते. कल्याण हे थोरल्या सारागानसच्या काळी नियमित व्यापारपेठ होते; पण संदानेसच्या ताब्यात गेल्यापासून तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छास नेली जातात, असे त्यात लिहिले आहे. याच ग्रंथात भरुकच्छाकडील प्रदेशाचा राजा म्हणून ज्या मान्बानोसचा उल्लेख येतो, तो नहपान असल्याचे बहुसंख्य विद्वान मानतात. कल्याणचा धक्का बंद झाला की घाटावर चढणाऱ्या मालाचा ओघ आटतो. मग मामाल आहारातील अमात्याने काय गोळा करावयाचे? सातवाहन-क्षहरात संघर्षाचे वर्णन बहुधा राजधान्या व रणांगणे यांच्या भाषेत केले जाते. बंदर आणि घाटमाथा यांमधील ही दोरी कोणी कोठे आवळली, या अंगाने त्याकडे पाहिले असता करजकासारख्या लहान गावाची दोनदा झालेली नोंद क्षुल्लक वाटत नाही.

राजाज्ञेतील सवलतींचाही याच संदर्भात विचार करावा लागेल. दत्त भूमीत राजपुरुषांनी प्रवेश करू नये, तिला हात लावू नये, तेथे मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी आपला अंमल चालवू नये, आणि तिला सर्व प्रकारच्या सवलती असाव्यात, असे हे पाच दंडक. गोवर्धनच्या आज्ञांतही ते जवळजवळ याच शब्दांत येतात. मावळात मिठागरे नाहीत. मीठ खाडीकाठी, उरण-पनवेल-पेणच्या बाजूस पिकते आणि घाट चढून वर येते. तेव्हा मिठाचे कलम स्थानिक परिस्थितीतून आलेले नसून मध्यवर्ती लेखनालयाच्या ठरीव मसुद्यातून आले आहे, हे उघड आहे. त्यावरून मामालातील उद्योगधंद्यांविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. प्रवेशबंदीचे कलम मात्र येथे विशेष अर्थपूर्ण होते. आडरानातील गावी सैनिक क्वचितच जातात. मार्गावरील गावाला लष्कराच्या प्रत्येक हालचालीची झळ लागते: मुक्काम, चारा, बैल, वेठ. उत्तरमार्गावरील गाव या सर्वांतून मुक्त करणे म्हणजे राजाने स्वतःच्याच सैन्याची सोय कमी करून घेणे होय. हे दान लेखात दिसते त्यापेक्षा महाग होते.

अमात्याच्या अधिकाराविषयी मामालपेक्षा गोवर्धनची माहिती अधिक आहे. तेथे गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षी विष्णुपालित, चोविसाव्या वर्षी श्यामक आणि पुळुमावीच्या बाविसाव्या वर्षी शिवस्कंदिल असे तीन निरनिराळे अमात्य आढळतात. हे पद वंशपरंपरागत नव्हते, एवढे त्यावरून ठरते. मामालात मात्र या नेमलेल्या अधिकाऱ्याच्या बरोबरीने महारठींचे कुलीन घराणे बलवत्तर होते. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षी महारठी सोमदेवाने वलूरकच्या संघास करांसह एक गाव दिले, कार्ल्याचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा आहे, आणि बेडशाच्या लेण्यात महाभोजाची कन्या सामडिनिका ही महारठिनी दान देते. महाभोज किनाऱ्याकडचे आणि महारठी घाटावरचे, असा या पदव्यांचा सामान्य भौगोलिक विभाग मान्य केला तर हा विवाह घाटाच्या दोन्ही अंगांस जोडणारा होता. राजाने अमात्य नेमावा, परंतु वाट ज्यांच्या मुलखातून जाते त्यांनी ती सोयरिकीने राखावी, असा हा दुहेरी प्रकार दिसतो.

सातवाहनांनंतर आहार ही संज्ञा मागे पडली. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या इ. स. ७६८ च्या तळेगाव ताम्रपटात पुणक विषयाचा निर्देश आहे. म्हणजे सत्तेचे ठाणे तोवर पूर्वेस पुण्याकडे सरकले होते. मावळ हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. सतराव्या शतकात ‘बारा मावळे’ हा शब्दप्रयोग प्रचारात होता, आणि त्यांतील प्रत्येक मावळ म्हणजे एकेका नदीचे खोरे व त्याचा देशमुख अशी रचना होती. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावे आजही वापरात आहेत. प्रदेशाची ओळख खोऱ्यातून जाणाऱ्या वाटेवरून व्हावी, ही जुनी रीत त्यांत टिकून आहे.

मार्गाचे खालचे टोक मात्र स्थिर राहिले नाही. घाटाच्या पायथ्याजवळून दोन नद्या दोन दिशांना जातात. उल्हास कर्जतवरून कल्याणकडे वळते, तर पाताळगंगा खालापूरवरून धरमतरच्या खाडीकडे. कोंडाणे लेणे उल्हासच्या खोऱ्यात आहे, आणि प्राचीन वाट राजमाचीच्या बाजूने कल्याणला उतरत होती याचा तो सबळ पुरावा होय. कृष्णाचा अंतेवासी बलक याने हे काम केल्याचा तेथील लहानसा लेख लिपीवरून कार्ल्याच्या राजाज्ञेपूर्वीचा आहे. कल्याणचे महत्त्व मुंबई बंदराने हिरावून घेतल्यावर वाट दक्षिणेस सरकली आणि पनवेलची खाडी तिचे मुख झाली. बोरघाटातील गाडीरस्ता सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला, तो पनवेलकडे उतरणारा होता. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या लोहमार्गाने मात्र पुन्हा उल्हासचे खोरे धरले. सुमारे १८३१ फुटांची चढण चढून जाणारी ती गाडी कर्जतवरून कल्याणला जाते. सातवाहनांची निवड अभियंत्यांनी नकळत मान्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर, ९५ गावांच्या जमिनीवर, नवी मुंबईची आखणी सुरू झाली, आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर कार्यान्वित झाले. बंदर पुन्हा एकदा मुख्य भूमीवर, घाटाच्या समोर आले. कळंबोलीपासून निघणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. पनवेल-खोपोलीवरून बोरघाट चढून तो खंडाळ्यास येतो आणि पुढे इंद्रायणीच्या खोऱ्यात, एका अंगास कार्ले व दुसऱ्या अंगास भाजे ठेवून, मळवलीवरून जातो. हा मार्ग मधला. करंजगावाची वाट त्याच्या उत्तरेस, डोंगरापलीकडे राहते.